हाँगकाँग कांचन: रोपाच्या निवडीपासून चौथ्या वर्षाच्या छाटणीपर्यंत

उद्यानात किंवा मोठ्या बागेत हाँगकाँग कांचन लावणाऱ्यांची फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली रोपवाटिकेत, जिथे बियांपासून वाढवलेले साधे कांचन ‘हाँगकाँग’ म्हणून घरी आणले जाते. दुसरी झाड तीन-चार वर्षांचे झाल्यावर, जेव्हा पावसाळा संपता संपता त्याची छाटणी होते आणि मग हिवाळाभर झाड नुसतेच हिरवेगार उभे राहते. या दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत, मात्र त्यासाठी कामांचा क्रम नेहमीच्या वृक्षलागवडीपेक्षा थोडा वेगळा ठेवावा लागतो: झाड हिवाळ्यात निवडायचे, खड्डा उन्हाळ्यात तयार करायचा, लागवड पावसाच्या सुरुवातीला करायची आणि कात्री बहर ओसरल्यावरच हातात घ्यायची.

या क्रमामागचे कारण एका वाक्यात सांगता येते. हाँगकाँग कांचन, म्हणजे बौहिनिया ब्लेकियाना, हा देवकांचन म्हणजे बौहिनिया पर्पुरिया आणि कांचन म्हणजे बौहिनिया व्हेरिगाटा यांचा संकर असून तो वांझ आहे. त्याला शेंगा धरत नाहीत, त्यामुळे त्याचे प्रत्येक खरे रोप हे कुठल्यातरी जुन्या झाडाच्या फांदीपासून, गुटीने (फांदीला झाडावरच मुळे फोडून) किंवा कलमाने, केलेले असते. हे ध्यानात ठेवले की पुढची जवळपास प्रत्येक सूचना आपोआप उलगडते.

टप्पा १. डिसेंबर–जानेवारीत फुललेले झाड पाहावे

लागवड जूनमध्ये करायची असली तरी रोप जूनमध्ये शोधू नये. त्या वेळी कांचनाच्या सगळ्या जाती पानांनी सारख्याच दिसतात, आणि जोडपानासारखे दुभंगलेले ते पान पाहून जात सांगणारा माणूस बहुतेक वेळा अंदाजच सांगत असतो. पानाची खाच किती खोल आहे यावर भिस्त ठेवणे मलाही कधी जमलेले नाही, कारण एकाच झाडावर कोवळी आणि जून पाने वेगवेगळी दिसतात. खात्री फुलांच्या काळातच होते.

हाँगकाँग कांचनाचा बहर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि या काळात झाडावर पाने असतात. फूल गडद जांभळट गुलाबी, पूर्ण उमलल्यावर १५ सेंटिमीटरपर्यंत रुंद, आणि पाकळ्या रुंद असल्यामुळे एकमेकींवर चढलेल्या दिसतात. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद असतात व त्यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते. त्याचा बहरही आधी, पावसाळा सरता सरता सुरू होतो. साधा कांचन फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, बहुतेक पाने झडलेल्या फांद्यांवर फुलतो व त्याचा रंग फिकट असतो. फूल हातात घेऊन पुंकेसर मोजल्यास आणखी मदत होते: देवकांचनाला सामान्यतः तीन, तर हाँगकाँग कांचनाला सामान्यतः पाच पूर्ण वाढलेले पुंकेसर असतात. साध्या कांचनालाही पाचच असल्यामुळे केवळ पुंकेसरांवर निर्णय करू नये.

‘रक्तकांचन’ हे नाव काही भागांत देवकांचनाला आणि काही भागांत साध्या कांचनाला लावले जाते. रोपवाटिकेत हे नाव ऐकल्यावर कोणती जात अभिप्रेत आहे, हे विचारून घ्यावे.

तपासणी: ज्या मातृवृक्षापासून रोपे केली असे सांगितले जाते, त्याच्याखाली उभे राहून वर पाहावे. फांद्यांवर चपट्या, लांब, वाळलेल्या शेंगा लटकत असतील, तर ते झाड हाँगकाँग कांचन नव्हे असेच धरून चालावे.

टप्पा २. रोपाची निवड

मातृवृक्षाची खात्री पटली की रोपांकडे वळावे. बाजारात तीन प्रकारची रोपे मिळतात आणि ती बुंध्यावरून ओळखता येतात. बियांचे रोप जमिनीपासून एकसंध, सरळ आणि गुळगुळीत खोडाचे असते. त्याच्या खोडावर कुठेही जोड नसतो. ते स्वस्त असते, जोमदारही असते, आणि आपल्या कामाचे नसते. कलमी रोपाच्या खोडावर मातीपासून साधारण एक वीत उंचीवर पाचरीचा किंवा डोळा भरल्याचा व्रण दिसतो, आणि जोडाच्या वरची व खालची साल थोडी वेगळी भासते. गुटीच्या रोपाला जोड नसतो; मात्र त्याचे सोटमूळ नसते, आणि खोड मातीत शिरते तिथे जून फांदीची जाड साल दिसते. असे रोप उंचीच्या मानाने बुंध्याशी जाड वाटते.

कलमी आणि गुटीचे यांपैकी कोणते घ्यावे, याचे उत्तर जागेवर ठरते. कलमाचा खुंट, म्हणजे ज्या मुळासकट रोपावर कलम बांधतात तो खालचा भाग, बहुधा साध्या कांचनाच्या किंवा देवकांचनाच्या बियांच्या रोपाचा असतो, त्यामुळे त्याची मुळे खोल जातात आणि वाऱ्यात व उन्हाळ्यात ते अधिक तग धरते. तोटा असा की खुंट सतत खालून फुटत राहतो आणि ती फूट वेळीच काढली नाही तर ती कलमावर मात करते. गुटीच्या रोपाला ही भीती नाही, कारण त्याच्या मुळापासून येणारी फूटही हाँगकाँग कांचनाचीच असते. पण सुरुवातीची काही वर्षे त्याची पकड उथळ असल्याने आधार जास्त काळ द्यावा लागतो. देखरेखीला माळी असलेल्या बागेसाठी मी कलमी रोप सुचवीन, आणि जिथे वर्षातून दोनदाच कोणी लक्ष देणार आहे अशा सार्वजनिक जागेसाठी गुटीचे.

एका गृहसंकुलाच्या बागेत आम्ही कलमी म्हणून घेतलेली वीस रोपे बुंधे न तपासता लावली होती. चौथ्या वर्षी त्यांतील सात झाडांवर शेंगा धरल्या. त्यांपैकी काही मुळात बियांचीच होती, आणि काहींत कलम मरून खुंट वाढला होता. चार वर्षे पाणी घातल्यावर हा फरक शोधण्यात काही अर्थ उरत नाही.

रोप दीड ते दोन मीटर उंचीचे, एकच शेंडा असलेले, आणि पिशवीत सहा महिने ते वर्षभर वाढलेले असावे. फार मोठ्या, पिशवीतच वर्षानुवर्षे ठेवलेल्या रोपाचा मोह टाळावा. पिशवीच्या तळातून अंगठ्याएवढे जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेले असेल तर ते रोप उचलताना मुख्य मूळच तुटते.

तपासणी: दुकानदाराच्या परवानगीने एका रोपाची पिशवी बाजूला सरकवून मुळे पाहावीत. मुळे खोडाभोवती दोरीसारखी गुंडाळलेली असतील, तर त्या खेपेतील रोपे घेऊ नयेत.

टप्पा ३. जागा

हे झाड ६ ते १२ मीटर उंच होते आणि त्याचा घेर ६ ते ८ मीटरपर्यंत पसरतो. दोन झाडांमध्ये किमान ७ मीटर, इमारतीच्या भिंतीपासून किमान ५ मीटर अंतर ठेवावे, आणि वरून विजेच्या तारा जात असतील ती जागा सोडून द्यावी. अन्यथा दरवर्षी तारांसाठी होणारी छाटणी झाडाचा आकार आणि बहर दोन्ही घालवते. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. वड-पिंपळाच्या सावलीत झाड जगते, पण उजेडाकडे वाकत जाते आणि फुले मोजकीच देते.

जागेचा विचार करताना वाऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. याचे लाकूड ठिसूळ असते. हाँगकाँगमध्येही वादळात ही झाडे मोडून पडतात. कोकण किनाऱ्यावर आणि घाटमाथ्याच्या उघड्या टेकड्यांवर पश्चिमेकडून वारा अडेल अशी इमारत, भिंत किंवा मोठ्या झाडांची रांग असलेली जागा शोधावी.

संपूर्ण रस्ता किंवा संपूर्ण उद्यान एकट्या हाँगकाँग कांचनाने भरू नये. सगळी झाडे एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून आलेली, म्हणजे गुणधर्मांनी तंतोतंत सारखी असल्यामुळे एका झाडाला जो रोग जड जाईल तो सगळ्यांनाच जड जाईल. मध्ये बहावा, ताम्हण, साधा कांचन अशी झाडे मिसळावीत. त्यामुळे हिवाळ्यातला बहर ओसरल्यावरही बागेत काहीतरी फुललेले राहते.

टप्पा ४. एप्रिल–मे: माती तपासणे आणि खड्डा

या झाडाला पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. कोकणातील जांभ्याची माती त्या दृष्टीने अनुकूल आहे. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र झाड दोन वर्षांत पिवळे पडू लागते, आणि त्यावर नंतर कितीही फवारण्या केल्या तरी मूळ दुखणे राहतेच. म्हणून खड्डा घेण्याआधी दोन साध्या परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा चुन्याची. एक हात खोलीवरचे कोरडे ढेकूळ घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसून बुडबुडे आले तर जमिनीत चुनखडी आहे, आणि ती जागा बदलता येत असेल तर बदलणेच शहाणपणाचे. दुसरी परीक्षा निचऱ्याची. दोन फूट खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांनंतरही साचलेले दिसले तर त्या जागी सपाट जमिनीवर लागवड करू नये.

मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत ९० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा व तळ पहारेने फोडून मोकळा करावा. काळ्या भारी जमिनीत मात्र हाच ठोकळेबाज खड्डा नुकसान करतो: त्याच्या गुळगुळीत भिंतींमुळे तो पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो आणि मुळे कुजतात. तिथे खड्डा सुमारे १२० सेंटिमीटर रुंद पण ६० सेंटिमीटरच खोल घ्यावा, भिंती कुदळीने खरवडून खडबडीत कराव्यात, आणि भरताना माती सभोवतालच्या जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच अशी पसरट गादी तयार होईल इतकी घालावी.

खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. भरताना निघालेलीच माती मुख्यतः वापरावी व तिच्यात २० ते २५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक-दीड किलो निंबोळी पेंड मिसळावी. मातीत मुरूमच जास्त असेल तर पोयटा माती घालावी. मात्र संपूर्ण खड्डा विकतच्या सुपीक मातीने भरण्याचा हव्यास धरू नये, कारण मग मुळे त्या मऊ मातीतच घुटमळतात आणि बाहेरच्या जमिनीत शिरत नाहीत.

सावधान: अर्धवट कुजलेले, हाताला गरम लागणारे शेणखत खड्ड्यात घालू नये. ते कुजताना मुळे भाजतात आणि हुमणीच्या अळ्याही त्यातूनच येतात.

भरलेल्या खड्ड्याला लागवडीपूर्वी दोनदा भरपूर पाणी देऊन माती बसू द्यावी. ही पायरी वगळल्यास लावलेले रोप पहिल्या मोठ्या पावसात मातीबरोबर खाली बसते आणि कलमाचा जोड जमिनीत गाडला जातो.

टप्पा ५. जून–जुलै: लागवड

दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाल्यावर लागवड करावी. पहिल्याच वळवाच्या सरीवर घाई केल्यास पुढच्या उघडिपीत रोप सुकते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात याच्या उलट अडचण येते. तिथे जुलैतला जोर ओसरण्याची वाट पाहून ऑगस्टमध्ये लावले तरी चालते.

१. आदल्या दिवशी पिशवीतील रोपाला पाणी द्यावे, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटत नाही.

२. पिशवी उभी कापून पूर्ण काढावी. तळाला भोके पाडून पिशवीसकट लावलेले रोप जगते, पण पाच-सहा वर्षांनी एका वादळात मुळासकट उपटले जाते.

३. गोळ्याभोवती फिरलेली बारीक मुळे धारदार चाकूने दोन-तीन ठिकाणी उभी कापावीत.

४. रोप अशा उंचीवर ठेवावे की खोडाला पहिले मूळ फुटते ती जागा जमिनीच्या पातळीला येईल आणि कलमाचा जोड किमान १० ते १५ सेंटिमीटर वर राहील. खड्ड्यावर काठी आडवी ठेवून ही पातळी पाहावी. नजरेच्या अंदाजात रोप नेहमीच खोल जाते.

५. माती थराथराने घालून हाताने दाबावी. पायाने तुडवू नये.

६. गोळ्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना दोन काठ्या रोवून खोड सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने, इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात, सैल बांधावे. सुतळी किंवा तार वापरू नये, कारण खोड जाड होऊ लागले की ती सालीत रुतते.

तपासणी: बांधल्यानंतर खोड हाताने हलवून पाहावे. शेंडा थोडा डोलला पाहिजे, पण मुळाजवळची माती हलता कामा नये. खोड थोडे हलत राहिल्यानेच ते जाड व मजबूत होते, म्हणून कलमी रोपाचा आधार साधारण वर्षभराने आणि गुटीच्या रोपाचा दोन वर्षांनी काढावा.

कांचनाचा पाला जनावरे आवडीने खातात. उद्यानाला कुंपण नसेल तर संरक्षक जाळी त्याच दिवशी बसवावी. ‘पुढच्या आठवड्यात जाळी येणार आहे’ अशा रोपाचे शेळ्या काय करतात हे वेगळे सांगायला नको.

टप्पा ६. पहिली दोन वर्षे: पाणी, आच्छादन आणि खुंटाची फूट

आळे दुहेरी करावे, म्हणजे खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि त्याबाहेर पाणी साठेल अशी गोल चारी. पाणी खोडाला सतत चिकटून राहिले तर बुंधा कुजतो. पहिल्या हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी १५ ते २० लिटर, आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी २५ ते ३० लिटर पाणी मध्यम जमिनीत पुरते. भारी जमिनीत अंतर वाढवावे, मुरमाड जमिनीत कमी करावे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे, कारण त्यामुळे मुळे पृष्ठभागालगतच राहतात. झाडाचा घेर वाढेल तसे आळेही बाहेर सरकवत न्यावे.

आळ्यात ७ ते १० सेंटिमीटर जाडीचे वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे आणि खोडाभोवती हाताचा पंजा मावेल इतकी जागा मोकळी सोडावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हात पहिल्या दोन उन्हाळ्यांत कोवळ्या खोडाची नैर्ऋत्येकडची साल भाजते. मार्चच्या सुरुवातीला खोडाला पातळ चुन्याचा हात दिल्यास ते टळते.

कलमी रोपाच्या बाबतीत या काळातले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दर पंधरवड्याला वाकून जोडाखाली पाहणे. तिथे फुटलेला प्रत्येक कोंब खुंटाचा आहे. तो कोवळा असतानाच बोटाने मुळाशी मोडून काढावा. कात्रीने वरून कापल्यास तिथूनच दोन कोंब नव्याने फुटतात. ज्या माळ्याला हे सांगितलेले नसते, तो खालून आलेली जोमदार सरळ फांदी पाहून सुखावतो आणि कधी कधी तीच ठेवून वरचे रोडावलेले कलम कापून टाकतो. म्हणून जोडाच्या थोडे वर खोडाला रंगाचा एक पट्टा ओढून ठेवावा, आणि पट्ट्याखाली फुटेल ते काढायचे, एवढाच नियम सर्वांना सांगावा.

टप्पा ७. दुसरे ते चौथे वर्ष: सांगाडा घडवणे

स्वतःवर सोडलेले हे झाड खालपासून अनेक फांद्यांचे, एका बाजूला झुकलेले झुडूप होते. मोकळ्या हिरवळीवर ते रूप काहींना आवडते, पण पायवाटेच्या कडेला ते चालत नाही, आणि अशा झाडाच्या सारख्या जाडीच्या दोन फांद्या जिथे अरुंद कोनात जोडलेल्या असतात तिथेच ते वाऱ्यात फाटते.

शेंड्याची एकच मुख्य फांदी ठेवावी. तिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी सरळ फांदी असेल तर ती निम्म्यावर छाटून मागे ठेवावी किंवा मुळापासून काढावी. खालच्या फांद्या एकदम साफ करू नयेत. त्यांच्या पानांवरच खोड पोसते. दरवर्षी सर्वांत खालच्या दोन-तीन फांद्या काढाव्यात, आणि एकूण उंचीच्या निदान दोन तृतीयांश भागावर फांद्या राहतील असे पाहावे. चौथ्या वर्षापर्यंत सुमारे दोन मीटर स्वच्छ खोड आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या चार-पाच मुख्य फांद्या, इतके साधले तरी पुढे झाडाला फारसा त्रास होत नाही.

चांगल्या वाढलेल्या रोपाला दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात फुले येऊ लागतात. फुलांच्या आशेने सांगाड्याचे काम लांबवू नये.

टप्पा ८. दरवर्षीची छाटणी: फक्त मार्च–एप्रिल

फुले येतात ती त्या हंगामात वाढलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांकडे. बहर संपताच, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत छाटणी केल्यास पावसाळाभर नवी फूट वाढते आणि नोव्हेंबरात तीच फुलते. ऑगस्टनंतर केलेली प्रत्येक छाटणी म्हणजे येणाऱ्या बहराची छाटणी होय. बागांचे ठेके अनेकदा गणपती ते दिवाळीदरम्यान ‘साफसफाई’ उरकतात, आणि मग झाड फुलत नाही म्हणून त्याला खत घातले जाते.

याच दिवसांत आणखी एक संकट येते. दसऱ्याला आपट्याची पाने म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात. आपटा त्याच कुळातला असला तरी त्याची पाने लहान, जाड व खरबरीत असतात. ठिसूळ लाकडाची फांदी ओढून तोडली की ती खोडाची साल सोलून घेऊनच येते. सार्वजनिक उद्यानात दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस कोवळ्या झाडांजवळ माणूस ठेवावा. दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

छाटताना आधी वाळलेल्या, मग एकमेकींना घासणाऱ्या, मग आत वळलेल्या फांद्या काढाव्यात, आणि त्यानंतर दोन पावले मागे जाऊन झाड पाहावे. बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबता येते. एका वर्षात एकूण पर्णभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढू नये. मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी तीन कापांत काढावी: खोडापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडे बाहेर वरून पूर्ण काप, आणि उरलेला ठोंब फांदीच्या बुंध्याशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर शेवटचा काप. कडे कापले तर जखम भरत नाही, आणि ठोंब ठेवला तर तो कुजत आत जातो.

सावधान: महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा राज्य कायदा लागू आहे. मोठ्या झाडाच्या छाटणीपूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि तो मार्चच्या पुष्कळ आधी करावा, नाहीतर परवानगी मिळेपर्यंत छाटणीचा काळ निघून जातो.

टप्पा ९. खत, पिवळेपणा आणि कीड

कांचन शेंगवर्गातला म्हणून त्याला नत्र लागत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी साधारणतः येत नाहीत. छाटणीनंतर आणि जुलैमध्ये, अशी दोनदा शेणखत व निंबोळी पेंडेची मात्रा पुरते. सप्टेंबरनंतर युरिया देऊ नये, त्यामुळे फुलांऐवजी पालाच वाढतो.

नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, आणि बहुधा चुनखडीची खूण. अशा वेळी लोहयुक्त चिलेटची (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातील लोहाची) फवारणी तात्पुरता रंग आणते. जोडीला आळ्यात सेंद्रिय खत वाढवून निचरा सुधारावा. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी पडत असते. सगळीच पाने एकदम मलूल होऊन पिवळी पडली तर खत देऊ नये. बोटभर माती उकरून पाणी साचले आहे का ते आधी पाहावे.

कोवळ्या फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण आढळतात. पाण्याचा जोराचा फवारा किंवा निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. बहराच्या काळात कीटकनाशक मारू नये, कारण या फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर दिवसभर येत असतात. खोडावर लाकडाच्या भुशाची जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे असे समजून जाळी खरवडावी व भोकात तार घालून अळी मारावी.

टप्पा १०. स्वतःची रोपे करायची असल्यास: गुटी

खात्रीचे एक झाड हाती असेल तर पुढची रोपे विकत घेण्याची गरज नाही. जून-जुलैमध्ये, बोटाएवढ्या जाडीची, उन्हात असलेली, मागच्या वर्षीची निरोगी फांदी निवडावी. कोणत्या फांद्यांना खरोखर चांगली फुले येतात हे हिवाळ्यातच पाहून त्यांना धागा बांधून ठेवावा.

१. फांदीवर अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी.

२. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून टाकावा. गुटी फसते ती बहुतेक इथेच: थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत.

३. कापाच्या वरच्या कडेला, जाड काडीसाठी मिळणारी आयबीएची, म्हणजे मुळे फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची, पावडर लावावी.

४. भिजवून घट्ट पिळलेले स्फॅग्नम शेवाळ मूठभर घेऊन कापाभोवती दाबावे आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके घट्ट बांधावीत. वरचे टोक सैल राहिल्यास पावसाचे पाणी आत शिरून शेवाळ कुजते.

तपासणी: सहा आठवड्यांनंतर प्लॅस्टिकमधून मुळे दिसतात का ते पाहावे. पांढरी मुळे दिसताच तोडण्याची घाई करू नये. ती तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटेपर्यंत, म्हणजे साधारण आठ ते दहा आठवडे थांबावे.

गुटी एकदम न तोडता आधी तिच्याखाली अर्धा काप द्यावा आणि आठवड्याने पूर्ण तोडावी. निम्मी पाने कमी करून, प्लॅस्टिक काढून, शेवाळ मुळांभोवती तसेच ठेवून रोप पिशवीत लावावे. पहिले दोन महिने ते शेडनेटखाली ठेवावे आणि नंतर हळूहळू उन्हात आणावे. या रोपाला पहिल्याच हिवाळ्यात एखादी कळी आली तर ती खुडून टाकावी, आणि पुढच्या जूनपर्यंत रोप पिशवीतच वाढू द्यावे. प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाची जागा आणि गुटी बांधल्याचा महिना लिहिलेली पट्टी लावून ठेवावी, कारण पाने पाहून नंतर हे रोप साध्या कांचनापासून वेगळे काढता येणार नाही.